लहरींचं गायरान

जगदीशचंद्र बोस यांनी एका प्रयोगात ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वापरलं होतं. गाडीची वेळ बघायला नव्हे. त्या जाडजूड पुस्तकाच्या पानापानांत त्यांनी कथलाचा वर्ख घातला आणि ते पुस्तक रेडिओलहरींच्या वाटेत धरलं. एका अंगाने धरलं की लहरी आरपार जायच्या, तेच काटकोनात फिरवलं की अडायच्या. या लहरी वाटेल तशा डोलत नाहीत, एका ठरावीक प्रतलात डोलतात, हे दाखवायला वेळापत्रक पुरलं. ते प्रतल फिरवून दाखवायला त्यांनी तागाचे पिळलेले जुडगे घेतले. कलकत्त्यात तागाला काय तोटा!

ही गोष्ट १८९४ नंतरच्या चार-पाच वर्षांतली, प्रेसिडेन्सी कॉलेजातली. हाइनरिश हर्ट्झने १८८८ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहला रेडिओलहरींचं अस्तित्व सिद्ध केलं, तेव्हा लहरी एका दिशेला फेकण्यासाठी त्याला माणसाहून उंच, दोन मीटरचा जस्ताचा पत्रा वाकवावा लागला होता. कारण त्याची लहर ६६ सेंटिमीटर लांब. बोसांनी लहरच लहान केली, ५ ते २५ मिलिमीटरची. लहर लहान झाली की आरसा, भिंग, लोलक, अँटेना सगळं टेबलावर मावतं. लहरी गोळा करायला त्यांनी चौकोनी तोंडाचं धातूचं नरसाळं बनवलं. आज घरावरच्या डीटीएच छत्रीसमोर जो लहानसा डबा असतो, त्याचं तोंड म्हणजे त्या नरसाळ्याच्याच कुळातलं.

आणि मग हे सगळं अडगळीत गेलं. बोस वनस्पतींकडे वळले, बाकीचं जग लांब लहरींकडे. मिलिमीटरच्या लहरी दूर जात नाहीत. त्यातली ५ मिलिमीटरची लहर तर हवेतला ऑक्सिजनच गिळून टाकतो. संदेश समुद्रापार पाठवायचे तर असल्या लहरींचा काय उपयोग?

२०२२ साली भारत सरकारने फाइव्ह-जीसाठी जो लिलाव केला, त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटरची लहर. बरोबर बोसांच्या टेबलावरची. दूर जात नाही हा तिचा अवगुण आता गुण ठरलाय: दूर जात नाही म्हणून तीच लहर एका चौकात वापरून पुढच्या चौकात पुन्हा वापरता येते. त्या संपूर्ण लिलावात सरकारला सुमारे दीड लाख कोटींच्या बोली आल्या. (आपली वर्तमानपत्रं याला ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ म्हणतात. ध्वनीचा आणि या लहरींचा काडीचाही संबंध नाही, पण शब्द रुळला तो रुळला.)

माझं म्हणणं असं आहे. रेडिओलहरींचा कुठला पट्टा कामाचा आणि कुठला बिनकामाचा, याचे अंदाज सव्वाशे वर्षांत वारंवार चुकले. ते मूर्खपणामुळे चुकले नाहीत. त्या पट्ट्यात लहर कशी वागते हे तोवर कुणी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून चुकले. आणि दर वेळी ते पाहिलं कुणी, तर ज्याला तिथे काही विकायचं नव्हतं त्याने. म्हणून आज सगळा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचे सगळे पट्टे, मोजून, तुकडे पाडून विकायला काढायचा असेल तर त्यातला काही भाग मोकळा ठेवला पाहिजे. गावाला गायरान असतं तसा. गायरानावर कुणाचा सातबारा नसतो म्हणून तलाठ्याच्या कागदावर ते पडीक दिसतं. गुराख्याला विचारा ते काय आहे.

पुढे जाण्याआधी एक तक्रार निकालात काढतो. बोसांच्या जयंतीला, ३० नोव्हेंबरला, मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो: मार्कोनीने बोसांचा रेडिओ चोरला. मार्कोनीने १९०१ मध्ये वापरलेल्या पाऱ्याच्या संवेदकाची मुळं बोसांच्या कामात आहेत असं मांडणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. पण बोसांना ‘लुटला गेलेला माणूस’ करून आपण त्यांना लहान करतो. मार्कोनीला हवा होता शेकडो मीटरच्या लहरींचा लांबचा पल्ला. बोस टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लहरींचा स्वभाव तपासत होते. हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याला लगेच गिऱ्हाईक मिळालं, दुसऱ्याला शंभर वर्षांनी. माझा लेख दुसऱ्याबद्दल आहे.

तरी मार्कोनीची गोष्ट टाळून चालणार नाही, कारण ‘अंदाज चुकणं’ म्हणजे काय ते तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं. १२ डिसेंबर १९०१. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्ड्यू गावाहून तीन टिंबं, मोर्सचा ‘एस’, पुन्हा पुन्हा पाठवला जात होता. पोल्ड्यूचा मूळ अँटेना वीस डोलकाठ्यांच्या रिंगणाचा. सप्टेंबरच्या वादळात तो आडवा झाला होता आणि दोन खांबांमध्ये पंख्यासारख्या तारा ताणून काम भागवलं होतं. पलीकडे न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला सिग्नल हिलवर मार्कोनी आणि त्याचा मदतनीस केंप. त्यांचा अँटेना म्हणजे पतंगाला बांधून आभाळात सोडलेली दीडशे मीटरची तार. पतंग वाऱ्याने हेलकावे खात होता, तार वरखाली होत होती, आणि मार्कोनीने कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये तीन टिंबं ऐकली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. कागदावर नोंद उमटली नाही, ऐकणारे दोघेच, त्यामुळे त्या दिवशी खरंच ऐकू आलं का यावर वाद आजही आहेत.

पण दोनच महिन्यांनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर मार्कोनीने पुरावा मिळवला, तो थेट कागदाच्या पट्टीवर. दिवसा संदेश सुमारे सातशे मैलांपर्यंत येत. रात्री त्याच्या दुप्पट, आणि नुसती ‘एस’ची टिंबं दोन हजार मैलांवरही. दिवसा आणि रात्री इतका फरक का, हे कुणालाच सांगता येईना. मुळात एवढ्या लांब लहर जातेच कशी? रेडिओलहर प्रकाशासारखी सरळ जाते हे हर्ट्झने दाखवलं होतं. साडेतीन हजार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीचा फुगवटा मध्यभागी दोनशे किलोमीटरहून उंच भरतो. एवढ्या डोंगराला वळसा घालायचा तर लहर वाकायला हवी. रॅले, पॉईंकारे यांच्यासारखे दिग्गज गणिती आकडेमोडीला बसले. १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडात ऑलिव्हर हेविसाइड यांनी, एकमेकांशी न बोलता, सुचवलं की वर हवेत वीजवाहक थर असला पाहिजे. लहर त्याच्या खालून घसरत जाते. हेविसाइड हा तारखात्यातली नोकरी सोडून घरी बसलेला, कानाने अधू, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला माणूस. त्याचं म्हणणं गणिताने पक्कं व्हायला १९१९ उजाडलं, वॉटसन या गणितज्ञाने ते केलं. प्रत्यक्ष मोजायला आणखी पाच वर्षं.

आता चुकलेला अंदाज. १९१० च्या आसपास अमेरिकी नौदलासाठी ऑस्टिन आणि कोहेन यांनी जहाजांवर मोजमापं घेतली आणि एक सूत्र मांडलं: लहर जितकी लांब, तितकी ती अंतरात कमी झिजते. सूत्र खोटं नव्हतं. पण ती मोजणी होती समुद्रावरची, दिवसाची आणि लांब लहरींची. सगळ्या जगाने त्यावरून निष्कर्ष काढला की दूर जायचं तर लहर लांबवा, अँटेना वाढवा, शक्ती वाढवा. स्वीडनमधलं ग्रिमेटन केंद्र याच समजुतीतून उभं राहिलं: १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे, सुमारे दोन किलोमीटर लांब तारांचा अँटेना, आणि लहर सतरा किलोमीटरची. ते आज जागतिक वारसा स्थळ आहे. बघण्यासारखं आहे म्हणतात. डायनोसॉरचा सांगाडाही बघण्यासारखा असतो.

लांब लहरी अशा किमती झाल्यावर लहान लहरींचं काय करायचं? १९१२ साली, टायटॅनिक बुडल्यानंतर, अमेरिकेने रेडिओ कायदा केला. घरोघरी बिनतारी यंत्रं जुळवणारे हौशी लोक नौदलाच्या संदेशांत लुडबुड करतात, ही तक्रार होतीच. त्यांना पूर्ण बंदी करण्याऐवजी सांगितलं गेलं: तुम्ही २०० मीटरच्या खाली जा. सूत्राप्रमाणे तिथे काहीच पिकणार नव्हतं. गावकुसाबाहेरची खडकाळ जमीन देऊन टाकावी, तशी ही देणगी.

हौशी लोकांनी तिथे नांगर घातला. आधी फार काही उगवलं नाही. मग क्षीण संकेत मोठा करणारे व्हॉल्व्ह आले, रिसीव्हर सुधारले, आणि डिसेंबर १९२१ मध्ये त्यांच्या अमेरिकी संघटनेने पॉल गॉडली नावाच्या आपल्या माणसाला स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला पाठवलं. समुद्रकिनाऱ्यावर, ऐन हिवाळ्यात, तंबूत बसून त्याने सुमारे चारशे मीटर लांब तार खांबांवरून ताणली आणि अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संकेत रात्री टिपले. लहर होती दोनशे मीटरच्या आगेमागे. नोव्हेंबर १९२३ मध्ये आणखी खाली, शंभर मीटरवर, फ्रान्समधला लेऑं द्लुआ आणि अमेरिकेतले श्नेल व राइनार्ट्झ यांचं अटलांटिकच्या आरपार दुतर्फा बोलणं झालं. आणि १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या अठरा वर्षांच्या सेसिल गॉयडरने न्यूझीलंडमधल्या एका मेंढपाळी मळ्यावरच्या फ्रँक बेलशी संधान बांधलं. पृथ्वीच्या पाठीवर याहून दूर जायला फारशी जागाच उरत नाही. शाळेतलं पोरगं, शाळेतली यंत्रणा, आणि ग्रिमेटनच्या मनोऱ्यांपुढे काडीएवढा अँटेना.

तज्ज्ञांना हे आधी का दिसलं नाही? इथे जरा थांबायला हवं, कारण गोम इथेच आहे. लघुलहर जमिनीलगत फार लवकर मरते. ती मोजायला निघालेला माणूस यंत्र घेऊन पन्नास, शंभर किलोमीटर जाणार, संकेत क्षीण होत होत बंद पडलेला पाहणार आणि वहीत ‘निरुपयोगी’ लिहून परतणार. त्याने काहीही चुकीचं लिहिलेलं नाही. पण त्याच लहरीचा वर गेलेला भाग खूप उंचीवरच्या थराकडून वळतो आणि मधली सगळी गावं ओलांडून हजार किलोमीटरवर उतरतो. जवळच्याला ऐकू येत नाही ते लांबच्याला येतं. हे कळायला हजार किलोमीटरवर कुणीतरी रात्रभर विनाकारण कान लावून बसलेलं असावं लागतं. असा माणूस पगारी नसतो. हिशेबी खात्यात ‘विनाकारण’ नावाचा रकाना नसतो.

रकाना नसला तरी फायदा कुणाला झाला पाहा. ब्रिटिश साम्राज्याच्या बिनतारी साखळीचा आराखडा लांब लहरींवर बेतलेला होता. मार्कोनी आणि त्याचा अभियंता फ्रँकलिन हेही लघुलहरींवर प्रयोग करत होतेच, आणि जुलै १९२४ च्या करारात मार्कोनी कंपनीने ठरलेला डाव बदलला: लघुलहरी, आणि उंच खांबांमध्ये टांगलेल्या उभ्या तारांचा पडदा, मागे आरशासारखा दुसरा पडदा. सगळी शक्ती एका झोतात, एकाच देशाकडे. याला ‘बीम’ म्हणत. भारताच्या बाजूचा बीम सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाला. प्रेषण केंद्र कुठे? खडकीला. ग्रहण केंद्र? दौंडला. दौंड म्हटलं की आपल्याला जंक्शन आणि चहा आठवतो. पण इंग्लंडची तार थेट आभाळातून उतरायची ती दौंडच्या माळावर. समुद्राखालच्या केबल कंपन्यांचा धंदा असा बसला की १९२९ मध्ये सरकारला केबल आणि बिनतारी यांचं एकत्रीकरण करून त्यांना सावरावं लागलं. आणि तो मिल हिलचा मुलगा? सेसिल गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन भारतात आला. एवढ्या पसरलेल्या देशाला मध्यमलहरींची केंद्रं तेव्हा पुरणं शक्य नव्हतं. भारताला आकाशवाणी ऐकू आली ती त्या ‘निरुपयोगी’ लघुलहरींवरून.

वरचा थर खरोखर किती उंच, हे ॲपल्टन आणि बार्नेट यांनी डिसेंबर १९२४ मध्ये मोजलं. बीबीसीचं बॉर्नमथ केंद्र मध्यरात्री कार्यक्रम संपल्यावर त्यांना वापरायला मिळालं. वारंवारता हळूहळू बदलत त्यांनी ऑक्सफर्डला ऐकलं आणि लहर शंभरेक किलोमीटरवरून परततेय हे दाखवलं. कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी तिसाच्या दशकात हेच काम आपल्या आभाळावर केलं. वरच्या या थराच्या, म्हणजे आयनांबराच्या, संशोधनाची बोसांइतकी आठवणही आपण ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याला वारस चालत नाहीत, मूळपुरुषच लागतो.

दुसरा प्रकार कान लावण्याचा. १९३१-३२ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलला कार्ल यान्स्कीने बेल प्रयोगशाळेसाठी तीस मीटर लांबीचा एक अँटेना केला. मोटारीच्या चाकांवर बसवलेला, रहाटपाळण्यासारखा आडवा गरगरणारा. समुद्रापारच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते हे त्याला शोधायचं होतं. जवळच्या विजांची खरखर सापडली, दूरच्या वादळांची सापडली, आणि तिसरी एक मंद फुसफूस उरली. ती रोज चार मिनिटं आधी येई. सूर्याच्या घड्याळाने नाही, ताऱ्यांच्या घड्याळाने चालणारी. आकाशगंगेच्या मध्यातून येणारी. १९३३ मध्ये हे छापून आलं, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरही आलं. कंपनीला खरखरीचं उत्तर मिळालं होतं, तिने यान्स्कीला दुसऱ्या कामाला लावलं. कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने पगार टेलिफोनसाठी दिला होता.

तो धागा उचलला ग्रोट रीबरने. तोही हौशी रेडिओवाला. १९३७ मध्ये त्याने इलिनॉयमधल्या आपल्या घराच्या परसात स्वतःच्या पैशाने साडेनऊ मीटरची तबकडी उभारली. आधी ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकलं, काही नाही. मग ९०० वर, काही नाही. मग १६० वर आकाशगंगा बोलली. जवळजवळ दहा वर्षं जगात रेडिओ-खगोलशास्त्र करणारा तो एकटाच होता.

आपलं दारही असंच किलकिलं झालं. ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या बत्तीस छोट्या तबकड्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या, भारताला भेट दिल्या आणि रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने त्या १९६५ च्या सुमारास कल्याणला सूर्याकडे तोंड करून लावल्या. कल्याणला, हो. आज तिथे रेडिओ-शांतता शोधायला गेलात तर लोक पाणी शिंपडतील. त्या वापरलेल्या तबकड्यांपासून सुरू झालेला प्रवास नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या खोडदपर्यंत पोहोचला: ४५ मीटरच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जीएमआरटी ही महाकाय रेडिओ-दुर्बीण.

आता आजच्या प्रश्नाकडे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. २०१२ च्या टू-जी निकालाने ती मालमत्ता वाटेल तशी वाटता येणार नाही, असं बजावलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा राजमार्ग केला, काही कामांसाठी अपवाद ठेवून. मला लिलाव मान्य आहे. टू-जीच्या वेळी जे झालं ते पाहिलेल्या कुणालाही मान्य असावा. ज्या पट्ट्यात काय पिकतं हे ठाऊक आहे, तिथला खंड बाजारभावाने घ्यावाच.

पण ‘सार्वजनिक मालमत्ता’ म्हणजे ‘विकायची मालमत्ता’ असा अर्थ आपण नकळत लावून बसलोय. जुन्या सरकारी वाड्याबद्दल जी चूक आपण करतो तीच. ज्या पट्ट्याला बोली लागत नाही तो वाया गेला, अशी भाषा दर लिलावानंतर ऐकू येते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा एकेकाळी असाच होता: मायक्रोवेव्ह भट्ट्या आणि शेकण्याची वैद्यकीय यंत्रं जिथे वाटेल तेवढी गळती करू शकतात अशी उकिरड्याची जागा. १९८५ मध्ये अमेरिकेने तिथे बिनपरवाना संदेशवहनाला मुभा दिली. आज तुमच्या घरातला वाय-फाय त्या उकिरड्यावर उभा आहे. कुणी लिलावात बोली लावून वाय-फाय शोधला असता का? शोध लागायच्या आधी बोली लावणार कोण? ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा किती भाग असा मोकळा करायचा आणि किती मोबाइल कंपन्यांसाठी ठेवायचा, यावरून आपल्याकडे झालेला वाद हा म्हणूनच नुसता कंपन्या-कंपन्यांमधला नाही.

माझ्या गायरानाच्या उपमेला एक भोक आहे, ते मीच दाखवतो. मोकळी जागा म्हटली की गर्दी आली, गर्दी आली की गोंगाट. हौशी रेडिओवाल्यांना आणि वाय-फायला मोकळीक हवी. खोडदला हवी शांतता. मोकळीक आणि शांतता एका जागी नांदत नाहीत. पण गावाने हाही प्रश्न कधीच सोडवलाय. गायरान वेगळं, देवराई वेगळी. गायरानात कुणीही गुरं चारावीत. देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा ही जगभराने मान्य केलेली देवराई आहे. हायड्रोजनचा अणू १४२० वर बोलतो, म्हणून तिथे कुणीही प्रक्षेपण करायचं नाही. अडचण अशी की दूरच्या दीर्घिकांमधला (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारकाविश्वांमधला) हायड्रोजन आपल्यापर्यंत येईतो विश्वाच्या प्रसरणाने त्याची लहर ताणली जाते आणि तो ७००, ६०० मेगाहर्ट्झवर उतरतो. देवराईच्या कुंपणाबाहेर. थेट मोबाइलच्या वावरात.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदला जत्रा असते. शाळांच्या बस, उसाचा रस, आणि ‘मोबाइल बंद’. गेलो होतो तेव्हा तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर पोलादी तारांच्या जाळीतून निळं आभाळ दिसत होतं. शेजारचे टोपीवाले बाबा म्हणाले, “एवढ्या भोकातून लहर खाली गळत न्हाई व्हय?” प्रश्न अगदी बरोबर. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची, आणि सर्वांत लहान लहर एकवीसची. तिला ही जाळी पत्र्यासारखी लागते, वाऱ्याला मात्र लागत नाही; म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. मी सांगितलं तेवढं त्यांना पटलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “आन् मग आमची रेल्वे?” त्याला माझ्याकडे जाळीइतकं सुबक उत्तर नव्हतं.

पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाव परिसरातून जायची होती. जीएमआरटीचा आक्षेप आला आणि मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून वळवण्याचं रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं. जुन्नर, आंबेगाव, खेडची माणसं संतापली, आणि त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेवर ठिणग्या उडतात. ठिणगी हा जगातला पहिला रेडिओ ट्रान्समीटर, हर्ट्झनेही तोच वापरला होता. दुर्बिणीचा आक्षेप खराच आहे. पण देवराई राखायचा खर्च एकट्या गुरवाच्या माथी मारत नाहीत, सगळं गाव उचलतं. इथे शांतता साऱ्या जगाच्या विज्ञानाची आणि तिची किंमत टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्या या तालुक्यांची. स्पेक्ट्रमच्या लिलावातून जे पैसे येतात, त्यातला एक ठरावीक वाटा शांत पट्टे आणि शांत प्रदेश राखणाऱ्या गावांना कायद्याने मिळाला पाहिजे: रस्ते, शीतगृहं, जमिनीखालून फायबर, दुर्बिणीला चालेल असा रेल्वेचा पर्याय शोधण्याचा खर्च. उपकार म्हणून नव्हे, भाडं म्हणून. ज्या पट्ट्यात कंपनी बोलते त्याचं भाडं सरकार घेतं. ज्या पट्ट्यात गाव गप्प बसतं त्याचं भाडं सरकारने द्यावं.

कुणी म्हणेल, एवढं कशासाठी? २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या मंडळींनी जीएमआरटीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची मोजणी केली. एकेक दीर्घिका ऐकू येण्याइतकी मोठी नव्हती, सगळ्यांची मिळून कुजबुज झाली. ती कुजबुज पकडली साधारण ५८० ते ८१६ मेगाहर्ट्झमध्ये. दोन वर्षांनी झालेल्या लिलावात याच भागातला ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही विक्रीला काढला होता. त्याला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही.